टॅन्सीचे पावणेतीन

टॅन्सी गॅडिस माझ्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी आली आणि दोन मिनिटांत तिने चहाचा काचेचा जग फोडला. मी तोंड उघडायच्या आत म्हणते कशी, "मिस वर्लीन, झाडू कुठाय? आधी काच भरते, मग द्या शिव्या." मी तेव्हाच ठरवलं, ही पोरगी ठेवायची. फोडणाऱ्या पुष्कळ येतात, पण झाडू मागणारी माझ्याकडे त्याआधी एकही आली नव्हती.

मी वर्लीन पेटस. मिसिसिपीत आमच्या हॅटनव्हिल गावातल्या कॉलेजात मुलींचं हिरव्या खिडक्यांचं मोठं घर आहे, तिथे मी सव्वीस वर्षं स्वयंपाक करते. ते एका सॉरॉरिटीचं, म्हणजे एकमेकींना बहिणी म्हणवणाऱ्या कॉलेजातल्या मुलींच्या मंडळाचं घर. नावात तीन ग्रीक अक्षरं आहेत, ती पाटीवर लावलेलीही आहेत, पण गावात सगळे 'हिरवं घर'च म्हणतात. साठ-पासष्ट पोरी दुपारी आणि संध्याकाळी माझ्या हातचं जेवतात. नाश्ता ज्याचा त्याने घ्यायचा, कारण सकाळी नऊच्या आत मी कोणासाठी विस्तव पेटवत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. कोणाचं कोणाशी जुळलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या आईने फोनवर काय झापलं, हे मला घरावर देखरेख करणाऱ्या बाईंच्या आधी कळतं. पोटात भूक असली की पोरी खरं बोलतात.

टॅन्सी मात्र त्या घरातली नव्हती. ती माझ्याकडे कामाला होती. दुपारी आणि संध्याकाळी वाढायचं, ताटं उचलायची, भांडी मशीनला लावायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा.

तिचं गाव इथून चाळीस मैलांवर. गाव कसलं, चौरस्त्यावर एक चर्च आणि बाकी सगळ्या कोंबड्यांच्या शेड. आई ती तीन वर्षांची असताना गेली. घरात बाप, चार भाऊ आणि एक कुत्रा, तोसुद्धा नर. एकोणीस वर्षं ही पोरगी पुरुषांच्या बुटांवरून अडखळत वाढली. तिचं बोलणं मोठ्याने, चालणं दणदण, आणि हसू आलं की हात तोंडावर न ठेवता सगळे दात दाखवून हसायची. मला आवडायची. आता सरळ सांगते, फारच आवडायची. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखाली इतकं चटपटीत दुसरं कोणी आलं नाही.

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये एक झुलतं दार आहे. टॅन्सीला सवय होती, हातात ताटांची चळत घ्यायची, दार कमरेने बोटभर उघडं धरायचं आणि तिथेच उभं राहायचं. एकदा मी ओरडले, "काय गं, दाराला डिंक लावलाय का? काय बघतेस?"

"काही नाही, मिस वर्लीन."

"काही नाही बघायला पाच मिनिटं लागतात?"

ती म्हणाली, "त्या एकमेकींच्या ताटातलं खातात. न विचारता. बोलता बोलता हात घालतात आणि जिचं ताट आहे तिला कळतही नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या ताटात हात घातला तर हातात जेवायचा काटा रुतेल."

मी म्हटलं, "तुला त्यांच्यात जायचंय होय?"

तिचे कान लाल झाले. एवढंच. पण मला उत्तर मिळालं.

रीत अशी की ऑगस्टात कॉलेज उघडायच्या आधीच्या आठवड्यात नव्या मुली अशा सगळ्या घरांतून फिरतात, गाणी होतात, गप्पा होतात, आणि शेवटच्या दिवशी ज्या घराचं बोलावणं हातात पडेल त्या घराकडे सगळ्या गवतावरून धावत सुटतात. टॅन्सीला पहिल्या वर्षी हे काही ठाऊकच नव्हतं. नाव उन्हाळ्यातच नोंदवावं लागतं, आणि उन्हाळ्यात ती शेडमध्ये पिल्लं मोजत होती. ती कॉलेजात पोचली तेव्हा धावणाऱ्या धावून झाल्या होत्या.

पण जानेवारीत ज्या घरात जागा रिकाम्या असतात तिथे एकेकीला गुपचूप बोलावणं जातं. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात एक दिवस हॅडली बून माझ्या स्वयंपाकघरात आली. नव्या मुली घेण्याचं काम त्या वर्षी हॅडलीकडे होतं. बारीक अंगाची, चष्मेवाली, वकिलाची मुलगी आणि बोलायलाही तशीच. तिने टॅन्सीला मशीनपाशी गाठलं.

"टॅन्सी, जानेवारीत आमच्या दोन जागा रिकाम्या होतायत. सगळ्यांच्या तोंडी तुझं नाव आहे. येशील?"

टॅन्सीच्या हातातला चमचा खाली पडला. "मी? मी तर तुमची ताटं धुते."

"मग काय झालं? मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा सूप घेऊन तिसऱ्या मजल्यावर कोण आलं होतं? माझी खोलीतली मैत्रीण तर तोंडाला रुमाल बांधून पळाली." मग हॅडली चष्मा वर सारत म्हणाली, "फक्त एक आहे. या सहामाहीची सरासरी चारपैकी पावणेतीन हवी. त्यात मी काही करू शकत नाही. तो नियम वरून येतो, मुख्य मंडळाकडून."

घराच्या वर्गणीचं तिच्या मामीने केव्हाच कबूल केलं होतं, ती अडचण नव्हती. अडचण ही पावणेतीन. टॅन्सी ढ नव्हती हो, पण तिची शाळा अशी की तिथे फुटबॉलचा मास्तरच गणित शिकवायचा. पहिलं वर्ष तिने कसंबसं काढलं होतं. आणि तिला नर्स व्हायचं होतं, त्यामुळे समोर रसायनशास्त्र उभं.

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराची शाळा झाली. नळाच्या वरच्या फरशीवर तिने अभ्यासाची कार्डं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून चिकटवली, म्हणजे पाणी उडालं तरी हरकत नाही. भेंडी चिरता चिरता मी वाचायची आणि तिने उत्तर द्यायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. उच्चारही मी माझ्या मनाचेच करायची, आणि ती हसून हसून ओट्याला टेकायची. इतिहास, इंग्रजी, मानसशास्त्र, आहारशास्त्र ठीक चाललं होतं. रसायनशास्त्र काही केल्या हलेना. पहिल्या परीक्षेत डी, म्हणजे चारपैकी जेमतेम एक. दुसऱ्या परीक्षेतही डी, आणि तोही काठावरचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी विषय सोडायची शेवटची मुदत होती. टॅन्सी उत्तरपत्रिका हातात घेऊन पिठाच्या पिंपावर बसली होती. अशी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती.

आणि मी, सव्वीस वर्षांच्या अनुभवाची बाई, मला काय कमी कळतं? मी म्हटलं, "रडतेस कशाला? सोडून दे तो विषय. पुढच्या सहामाहीत घे पुन्हा. अगं, या घरातल्या निम्म्या पोरी दर वर्षी एकेक विषय सोडतात आणि सरासरी वर आणतात. माझ्या डोळ्यांसमोर किती जणींनी केलंय! जा, पाच वाजायच्या आत फॉर्म दे."

"नक्की ना, मिस वर्लीन?"

"मी काय या घरात काल आले?"

गेली बिचारी. सही घेऊन, फॉर्म देऊन, पाच वाजायच्या आत परत आली, आणि येताना उड्या मारत आली. त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी रताळ्याचा 'पाय', आमच्याकडचा गोड पदार्थ, वेगळा काढून ठेवला होता.

सोमवारी हॅडली कॉफी घ्यायला आत आली. टॅन्सी वर्गात होती. मी फुशारकीने सांगितलं, "तुझ्या पावणेतीनचं काम मी करून दिलंय बरं. रसायनशास्त्र सोडायला लावलं."

हॅडलीने कप खाली ठेवला. "किती क्रेडिटचा होता तो?"

"असेल तीनचा. सगळे तीनचेच असतात ना?"

"प्रयोगशाळेचा विषय चारचा असतो, मिस वर्लीन." ती बोटांवर मोजायला लागली. "तिने पंधरा घेतली होती. चार गेली, राहिली अकरा. नियम बारा क्रेडिटचा आहे. सरासरी पावणेतीन आणि पास झालेली किमान बारा क्रेडिट. चारपैकी चार मिळाले तरी अकरावर आम्ही तिला बोलावू शकत नाही."

"मग हे आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

"बाराच्या खाली कधी कोणी गेलंच नाही! मला काय माहीत कोणी असं काही करेल म्हणून?"

'कोणी' म्हणजे मी. सोडलेला विषय परत मिळत नाही.  आमच्या पोरी सोडायच्या ते इतिहास, समाजशास्त्र, तीन-तीनचे विषय. पंधरातून तीन गेले की बारा. मी ते सव्वीस वर्षं पाहिलं, पण मोजलं कधीच नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. त्या सगळ्या अपराधीपणाच्या खाली, अगदी तळाशी, मला थोडं बरंही वाटलं होतं. घरातली सभासद झालेली मुलगी स्वयंपाकघरात कामाला राहू शकत नाही, असाही एक नियम आहे. टॅन्सी आत गेली की माझ्या हातातून गेली. नाही गेली तर माझीच राहील. हे मनात आलं आणि मला माझीच शरम वाटली. इतकी की बिस्किटांच्या, म्हणजे आमच्याकडच्या मऊ छोट्या पावांच्या, पिठात मीठ दोनदा घातलं, आणि दुपारी पासष्ट पोरींनी ती खारट बिस्किटं मुकाट्याने खाल्ली, कारण माझा चेहराच तसा होता.

टॅन्सीला मीच सांगितलं. हॅडली सांगते म्हणाली, पण मी म्हटलं, घाण मी केली, पुसणारही मीच.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे एक क्रेडिट कमी आहे."

"हो गं बाई. माझ्या शहाणपणामुळे."

"झाडू कुठाय?" ती म्हणाली.

मला वाटलं पोरीला धक्का बसला. पण ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं तरी हसत होती. "काच आधी भरू या, मिस वर्लीन. शिव्या मी तुम्हाला नंतर देते."

दुसऱ्या दिवशी ती यादी घेऊन आली. सहामाहीच्या उत्तरार्धात आठ आठवड्यांचे एकेक क्रेडिटचे वर्ग निघतात, खेळाचे वगैरे. बोलिंग भरलं होतं. लोकनृत्य भरलं होतं. मासेमारी, हो, आमच्याकडे मासेमारीचाही वर्ग असतो, आणि ही पोरगी डोळे मिटून मासा साफ करेल, तोही भरलेला! एकाच वर्गात जागा होत्या आणि हव्या तितक्या होत्या. पोहणे, नवशिक्यांसाठी, सोमवार-बुधवार सकाळी सात.

"घे की मग," मी म्हटलं.

ती यादीकडे बघत राहिली. "मला पाण्याची भीती वाटते."

"तळ्याकाठी वाढलीस ना?"

"तळ्यात पाणसाप होते. डॅडींनी सांगून ठेवलं होतं, जो पाण्यात पाय घालेल त्याला सापाच्या आधी मी धरीन. मी आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाहीये."

पण नाव तिने नोंदवलं. आणि पहिल्या सोमवारी सकाळी पावणेसातला मी कॉलेजच्या पोहण्याच्या तलावापाशी बाकावर हजर. कोणी बोलावलं नव्हतं. माझ्यामुळे ती त्या गार पाण्यात उतरणार आणि मी घरी पांघरुणात, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

शिकवणारे कोच पिट्स म्हणून गृहस्थ. पन्नाशीचे, पोट सुटलेले, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी टॅन्सी शिडीला अशी चिकटली की दोघांनी मिळून सोडवली. मी बाकावरून ओरडले, "अगं सोड ती शिडी! तुझ्या सासरची आहे का?" कोच माझ्याकडे वळले. "मॅम, आपण कोण?" मी म्हटलं, "मी तिची चूक." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला बसू दिलं. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी गरम बिस्किटं नेली, तेव्हापासून तर माझी जागा पक्की झाली.

पोहणं येईना ते येईनाच. पाय मारायची ते जागच्या जागी, आणि हात असे आपटायची की बाकावर मी भिजायची. शिवाय सकाळी सहाला उठायचं, पोहायचं, वर्ग, मग माझ्याकडे ताटं, मग अभ्यास. इतिहासाच्या एका चाचणीत ती चक्क झोपली. केसांना औषधाच्या पाण्याचा वास, डोळे लाल, आणि कार्डं हातात धरून पिठाच्या पिंपावर डुलक्या. एकदा मी म्हटलं, "पोरी, राहू दे हे. त्या घरात काय सोनं लागलंय?"

ती खाडकन जागी झाली. "तुम्हाला साठ बहिणी फुकट दिसतात ना रोज, म्हणून तसं वाटतं."

 मला असं बोलायची हिंमत त्या घरात कोणाची नाही, पण खरं होतं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एका सकाळी माझ्या डोक्यात आलं. मी काठावर जाऊन वाकले. "टॅन्सी, पोहू नकोस. तुला येत नाही ते करूच नकोस. समोर ते लांब टेबल आहे असं समज. सोमवारचं जेवण झालंय, ताटं उचलायची आहेत. उजवीकडचं ताट ओढ. आता डावीकडचं. उजवीकडचं, डावीकडचं. टेबल संपेपर्यंत थांबायचं नाही, आणि ताट आपटलंस तर माझ्याशी गाठ आहे."

ती बघत राहिली. मग पाण्यावर आडवी झाली आणि ताटं उचलायला लागली. संथ, सरळ, आवाज न करता. कोच पिट्सच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर आली. अर्धा तलाव गेली पोरगी!

शेवटच्या वर्गात परीक्षा. तलावाच्या दोन फेऱ्या, म्हणजे जायचं आणि परत यायचं, मध्ये कशाला धरायचं नाही. दोन केल्या तर बी, एक केली तर सी. टॅन्सी गेली, वळली, आणि परत येताना खोल भागात तिने खाली पाहिलं. कशाला पाहिलं देव जाणे. लगेच पाण्यावर बांधलेली दोरी पकडली. सी.

कोच म्हणाले, "हवं तर गुरुवारी परत ये. परीक्षांच्या आठवड्यात मी एकदा संधी देतो सगळ्यांना."

बुधवारी इतिहासाचा निकाल लागला, सी. बाकी तिन्ही विषय बी वर येणार हे शिक्षकांनी तिला सांगून टाकलं होतं. दुपारी हॅडली वही-पेन घेऊन माझ्या ओट्याशी बसली, दोनदा हिशेब केला आणि पेन ठेवलं.

"पोहण्यात बी मिळाला तर बरोबर पावणेतीन. एक कणही जास्त नाही. सी मिळाला तर गेलं."

"थोडं इकडेतिकडे चालत नाही?" मी विचारलं.

"नाही, मिस वर्लीन. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या बहिणीला चाललं नव्हतं."

 टॅन्सीने नळाजवळची सगळी कार्डं एकेक करून काढली, ओटा पुसला आणि म्हणाली, "इतकं सगळं केलं आणि शेवटी तलावावर आलं." मग खळखळून हसली. मला हसू येईना.

गुरुवारी सात वाजता मी बाकावर होते. पाच मिनिटांनी हॅडली आली, अंगात झोपायचे कपडे आणि वर कोट, आणि टॅन्सी जिथून निघणार त्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. कोच म्हणाले, "मॅम, आज ओरडायचं नाही. परीक्षा आहे." मी मान डोलावली.

टॅन्सी पाण्यात उतरली. उजवीकडचं, डावीकडचं. पहिली फेरी छान गेली. वळली. मी मनात मोजत होते, आमची जेवणघरातली आठ टेबलं मोजत होते. तिसऱ्या टेबलापर्यंत ठीक. खोल भागात तिचे हात मंद झाले. मान वळली. दोरी हातभर अंतरावर होती आणि तिने दोरीकडे पाहिलं.

मी शब्द दिला होता, पण गेला उडत! मी उभी राहिले आणि सगळ्या छताला ऐकू जाईल असं ओरडले, "टॅन्सी! अजून पाच टेबलं उरलीयत! थांबलीस कशाला?"

माझ्या आवाजाने ती वर्षभर उठत-बसत आलेली. डोकं विचार करायच्या आत हात चालले. उजवीकडचं ताट, डावीकडचं ताट. पलीकडे हॅडली काठावर गुडघे टेकून बसली होती, तोंडावर दोन्ही हात. टॅन्सीचे हात काठाला लागले तेव्हा हॅडलीने तिला धरून इतकं जोरात ओढलं की स्वतःच कोटासकट पाण्यात पडली.

कोच पिट्सनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी जवळ गेले. म्हणाले, "मॅम, तुम्ही ओरडलात."

"ओरडले. पण तिने कशाला धरलं का?"

"नाही धरलं." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. बी. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच त्या ओल्या बाकावर बसून रडले. कोच बिचारे घाबरले आणि मला टॉवेल देऊ लागले.

जानेवारीत कॉलेज उघडलं त्या पहिल्या शनिवारी दुपारी टॅन्सी नेहमीसारखी मागच्या दाराने आली, एप्रन बांधत. दारात हॅडली उभी, हातात पाकीट. टॅन्सीने पाकीट फोडलं, वाचलं, आणि तशीच पुढे होऊन आत यायला लागली.

"थांब," हॅडली म्हणाली. "इथून नाही. एप्रन काढ. रस्त्यापर्यंत जा आणि पुढून ये. धावत."

"एकटी? सगळ्या तर ऑगस्टात धावतात."

"तू आत्ता धाव."

मी भांडी घेऊन वळले तर हॅडली माझ्याकडे बघून म्हणते, "आणि तुम्ही कुठे चाललात? पुढे चला."

सव्वीस वर्षांत मी त्या घराच्या पुढच्या दाराने कधी आले-गेले नव्हते. कोणी मना केलं नव्हतं. माझी गाडी मागे, माझं स्वयंपाकघर मागे. त्या दिवशी मात्र मी पुढच्या पायऱ्यांवर पासष्ट पोरींच्या मधोमध उभी राहिले, हाताला पीठ तसंच. आणि रस्त्यावरून ते कोंबड्यांच्या गावचं धूड दणदण करत, सगळे दात दाखवत, गवतावरून धावत आलं. पोरी किंचाळल्या. त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी किंचाळले.

सोमवारी घरातलं मोठं जेवण असतं, सगळ्या नीट कपडे करून बसतात. टॅन्सी निळा झगा घालून तिसऱ्या टेबलावर हॅडलीशेजारी बसली होती. मी एकटीच वाढत होते. तळलेलं चिकन, भेंडी, मक्याचा पाव. मधल्या एका टेबलावरच्या पोरींचं जेवण उरकलं, आणि बघते तर काय, टॅन्सी उठलीय आणि ताटं गोळा करतेय. उजवीकडचं, डावीकडचं.

मी झुलत्या दारातून ओरडले, "ए! बस खाली!"

सगळ्या पोरींच्या माना वळल्या. टॅन्सी चार ताटं हातात घेऊन तशीच उभी. मग तिने ती हळूच खाली ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली, कान लाल. मी जाऊन तिच्या ताटात भेंडीचा आणखी एक डाव घातला आणि परत फिरले.

जायला हवं होतं मला, चुलीवर पीच शिजत होते. पण मी दार कमरेने बोटभर उघडं धरलं आणि तिथेच उभी राहिले. हॅडली पलीकडच्या मुलीला काहीतरी सांगत होती, तावातावाने, चष्मा वर सारत. सांगता सांगता तिने बाजूला न बघताच हात घातला आणि टॅन्सीच्या ताटातली भेंडी उचलून तोंडात टाकली. टॅन्सी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपलं ताट हॅडलीला नीट पोचेल असं बोटाने हळूच तिच्या बाजूला सरकवलं.

आत पीच करपल्याचा वास सुटला होता. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले.